तीन जादा फेऱ्या

मल्लेश्वरममध्ये नरसिंगरावांच्या दुकानावर एक सायकल उलटी टांगलेली होती. दुकानाचं नाव ‘चँपियन टेलरिंग वर्क्स’, आणि त्याखाली कानडीत एकदा, मराठीत एकदा : ‘आमची शिवण उसवत नाही.’ सायकलीवरून दुकान ओळखलं जायचं, दुकानावरून नरसिंगराव, आणि नरसिंगरावांवरून बंगळुरातला अख्खा मराठी शिंपी समाज, असं निदान समाजाचे चिटणीस गुंडूराव म्हणायचे.

कारण १९३४ साली लष्कराच्या मैदानावर, गोऱ्या सोजिरांच्या सायकल शर्यतीत, एकोणीस वर्षांचे नरसिंगराव पहिले आले होते. शर्यत आठ फेऱ्यांची होती. आठ झाल्यावर ते थांबले नाहीत. आणखी तीन फेऱ्या मारल्या, साहेबाच्या नाकावर टिच्चून, आणि मगच उतरले. देश स्वतंत्र झाल्यावर समाजाने स्मरणिका काढली, तिच्या बत्तिसाव्या पानावर ‘स्वातंत्र्यलढ्यातील आपला वाटा’ या मथळ्याखाली या तीन फेऱ्या छापून आल्या. त्या पानावर दुसरं काही नव्हतं. शेजारी फोटो होता : छाती पुढे आलेले, गळ्यात पदकाची फीत असलेले नरसिंगराव.

ती फीत म्हणजे मापं घ्यायची टेप होती. आणि छाती पुढे आली होती, कारण शर्टाच्या आत सार्जंट पिल्बीमची चड्डी कोंबलेली होती.

खरी हकीकत अख्ख्या बंगळुरात एकट्या नरसिंगरावांना ठाऊक होती. शर्यतीची चड्डी त्यांनीच शिवली होती. सार्जंटने सायकलवर बसायला पाय टाकला आणि बैठकीची शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवली. शर्यतीला दहा मिनिटं उरलेली. सार्जंट टॉवेल गुंडाळून तंबूत गेला, आतून चड्डी फेकली, आणि ओरडला की लगेच शीव, आणि सायकलही धर, रेषेवरची माझी जागा जाता कामा नये. नरसिंगराव सवयीने म्हणाले, “बुधवारी देतो.” मग एका हाताने सायकल धरून दुसऱ्या हाताने सुईत दोरा ओवता येईना, म्हणून ते सायकलवर बसले. शर्यतीत प्रत्येकामागे एक ढकलणारा शिपाई असतो. या शिपायाने नियमाप्रमाणे त्यांचे पाय पायडलच्या चामडी पट्ट्यांत आवळले. पिस्तूल वाजलं तसं नियमाप्रमाणे ढकललं. वर कोण बसलंय हे बघणं त्याच्या कामात येत नव्हतं.

शर्यतीच्या सायकलला ब्रेक नसतो. चाक फिरतंय तोवर पायडलही फिरतं, पाय स्वस्थ ठेवायची सोय नाही. नरसिंगराव भीतीने जितके जोरात पाय मारत, तितकी सायकल जोरात जाई, आणि ती जितकी जोरात जाई तितकी भीती वाढे. या पद्धतीने माणूस पहिला येऊ शकतो. थांबू मात्र शकत नाही. अकराव्या फेरीला ते घोड्यांच्या गवताच्या गंजीत घुसले आणि प्रश्न सुटला.

सार्जंट टॉवेलवर बाहेर आला आणि म्हणाला, ती सायकल माझ्या डोळ्यांसमोरून न्या. लोक समजले, बक्षीस दिली. आठवड्याच्या आत त्याची पलटण सरहद्दीकडे गेली.

आपण चँपियन नाही हे नरसिंगरावांना कधी फारसं बोचलं नाही. चँपियन व्हायला ते गेलेच नव्हते. पण शिवण उसवली होती. ती त्यांच्या हातची होती, आणि ‘आमची शिवण उसवत नाही’ या पाटीखाली बसून त्यांनी दोन मुली उजवल्या होत्या. ही गोष्ट बाहेर पडली तर उद्यापासून दुकानात फक्त माश्या येणार. म्हणून पंचवीस वर्षं ते सायकलला हात लावत नव्हते. दर दसऱ्याच्या आयुधपूजेला मात्र तिला उरलेल्या रंगाचा एक हात द्यायचे, हळदकुंकू लावायचे आणि मनातल्या मनात म्हणायचे, वरच राहा.

१९५९च्या उन्हाळ्यात त्यांच्या माडीवर विद्याधर नावाचा भाडेकरू आला. सांगलीचा, विमानांच्या कारखान्यात इंजिनियर. त्याला जगातली प्रत्येक वस्तू ओरिजिनल हवी असे. जेवताना सुद्धा तो आमटीत मुळात काय होतं ते विचारी.

“अण्णा,” तिसऱ्याच दिवशी तो वर बघत म्हणाला, “ही ट्रॅक सायकल आहे!”

“असंल की.”

“अहो, हिला लाकडी रिम आहे. मी ही पूर्ववत करणार. अगदी ओरिजिनल. आणि हिचा पूर्ण इतिहास शोधून काढणार.”

“इतिहास बत्तिसाव्या पानावर आहे,” नरसिंगराव म्हणाले. “वाचा आणि ठेवून द्या.”

पण ही बातमी गुंडूरावांपर्यंत गेली, आणि गुंडूरावांपर्यंत गेलेली कुठलीही गोष्ट समारंभ होऊनच बाहेर पडे. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं : डिसेंबरात तीन फेऱ्यांचा रौप्यमहोत्सव. शाळेच्या मैदानावर मंडप. कनात नरसिंगरावांच्या हातची. आणि शेवटी स्वतः चँपियन त्याच सायकलवर फेरी मारणार.

“मी चव्वेचाळीस वर्षांचा झालो रे गुंडू.”

“एकच फेरी, अण्णा. स्वल्पच.” मग डोळा मिचकावून म्हणाले, “अर्थात तुम्ही एकीवर थांबणार नाही, ते आम्हाला माहीत आहे.”

ते नरसिंगरावांनाही माहीत होतं.

सायकल खाली उतरली. सीटच्या पोकळीत चिमण्यांनी घरटं केलं होतं, त्याचं विद्याधरने आधी कागदावर चित्र काढलं आणि मग ते हलवलं. त्याने रंग खरवडायला घेतला. पंचवीस आयुधपूजा, पंचवीस थर. हिरव्याखाली निळा, निळ्याखाली शेजाऱ्याच्या फाटकाचा लाल. पंधरा दिवसांनी खालचं लोखंड लागलं आणि सीटखाली ठोकलेला पाच आकडी नंबर दिसला. विद्याधर असा ओरडला की नरसिंगरावांच्या पत्नी पुष्पावतीबाई स्वयंपाकघरातून पोळपाट घेऊनच बाहेर आल्या.

“काय सापडलं? साप?”

“नंबर, अक्का! आता बर्मिंगहॅमच्या कंपनीला लिहिलं की पहिला मालक कोण ते कळेल.”

“पहिला मालक मेला असंल,” नरसिंगराव म्हणाले. त्यांच्या आवाजात आशा होती.

विद्याधरने पत्र लिहिलं आणि कारखान्याची बस गाठायच्या घाईत पेटीत टाकायला नरसिंगरावांनाच दिलं. नरसिंगरावांनी ते सर्वांत खालच्या खणात टाकलं. त्या खणात आधीपासून एकच वस्तू होती.

आठ दिवसांनी पुष्पावतीबाई काजं करायचा दोरा शोधत खणापाशी पोचल्या.

“हे पत्र टाकायचं विसरलात बघा. मी टाकून आले. आणि ही चड्डी कुणाची हो? एवढा घेर! आत दोन माणसं राहतील.”

“गिऱ्हाईकाची.”

“न्यायला कधी येणार?”

“यायचंय त्याला अजून,” नरसिंगराव म्हणाले आणि खाली बसले.

कंपनीचं उत्तर दीड महिन्यात आलं. सायकल १९३३ साली सार्जंट पिल्बीम यांना विकलेली असून त्यांचा इंग्लंडातला पत्ता सोबत जोडला आहे. विद्याधरने त्या पत्त्यावर पत्र धाडलं, आणि ते या खेपेला स्वतः टाकलं.

त्यानंतर नरसिंगरावांनी बचावाची एक वेगळी बाजू लावून धरली.

“विद्याधरराव, हिला स्वल्प ब्रेक लावा की.”

“ट्रॅक सायकलला ब्रेक? अण्णा, तुम्ही बोलताय हे?”

“गर्दीचं म्हणतो मी. बायकापोरं असतात.”

“चौतीस साली ब्रेक होता?”

“नव्हता.”

“मग?”

नेमकं हेच नरसिंगरावांना सांगायचं होतं, पण सांगता येत नव्हतं. विद्याधर स्वयंपाकघरात जाऊन पुष्पावतीबाईंना म्हणाला, खरा चँपियन बघा, लोकांची किती काळजी.

नरसिंगरावांनी मग कनात शिवायला घेतली. मन थाऱ्यावर नव्हतं, पण पाय मशीनवर होते. जिथे एक टीप पुरली असती तिथे त्यांनी दुहेरी घातली, दुहेरी पुरली असती तिथे चौपदरी. गुंडूराव कापड ओढून बघत म्हणाले, “अण्णा, ही कनात आहे की किल्ला?” नरसिंगरावांनी आणखी एक टीप मारली. त्यांच्या डोळ्यांसमोर दुसरीच शिवण होती.

समारंभाच्या दिवशी सकाळी इंग्लंडचं पाकीट आलं. विद्याधरने ते फोडलं नाही.

“आधी वाचून बघा की हो,” नरसिंगराव म्हणाले.

“नाही अण्णा. ओरिजिनल कंडिशनमध्ये फोडायचं. स्टेजवर, सगळ्यांसमोर.”

मैदान भरलं होतं. समाज झाडून आला होता, आणि समाजाबाहेरचेही आले होते, कारण उप्पीट आणि कॉफी होती. चुन्याने फेरीची रेघ आखली होती. सायकल काळीभोर, चकचकीत, पंचवीस वर्षांपूर्वी होती तितकीच भयंकर दिसत होती. दोघा जणांनी ती धरली, नरसिंगरावांना वर बसवलं, आणि विद्याधरने स्वतःच्या हाताने त्यांचे पाय पट्ट्यांत आवळले. नरसिंगरावांना तो शिपाई आठवला. तोही असाच कामसू होता.

विद्याधर स्टेजवर चढला, पाकीट फोडलं आणि एकेक वाक्य इंग्रजीत वाचून लगेच मराठीत सांगू लागला.

पिल्बीमने लिहिलं होतं की त्या दिवशी त्यांचा गुडघा दुखत असल्याने त्यांनी खिलाडूवृत्तीने आपली सायकल हिंदुस्थानातल्या सर्वश्रेष्ठ सायकलपटूला दिली. ही हकीकत ते त्यांच्या गावच्या क्लबात पंचवीस वर्षं सांगत आले आहेत. आठ फेऱ्यांनंतर केवळ आनंदाखातर आणखी तीन मारणारा दुसरा माणूस त्यांनी पाहिला नाही. त्यांच्या गावात कुणी सायकल बरी चालवली तर लोक म्हणतात, ठीक आहे, पण नरसिंग नाही.

टाळ्यांनी कनात हलली. नरसिंगरावांना आधी कळेचना. गुडघा? मग हळूहळू ध्यानात आलं की तिकडे, सातासमुद्रांपलीकडे, एक लठ्ठ माणूसही पंचवीस वर्षं तोच खण बंद करून बसला आहे. त्यांना पिल्बीमबद्दल एकदम भावासारखं वाटलं. अंग सैल झालं. संपलं म्हणायचं.

“अजून आहे!” विद्याधर म्हणाला. “ता. क. त्या सकाळी शर्यतीच्या आधी माझी जी चड्डी...”

नरसिंगरावांकडे दोन रस्ते होते. एका रस्त्यावर पाटी उतरणार होती. दुसऱ्या रस्त्याला शेवट नव्हता.

“ढकला!” ते ओरडले.

“अण्णा, अजून भाषण...”

“ढकला म्हणतो ना!”

धरणाऱ्या दोघांनी ढकललं. सगळं मैदान उठून उभं राहिलं, आणि त्या गलक्यात ता. क. बुडाला.

पहिली फेरी झाली. गुंडूरावांनी हार पुढे केला, तो नरसिंगरावांच्या कानाला लागून गेला. तिसऱ्या फेरीला लोकांनी टोप्या उडवल्या. पाचवीला कुणीतरी ओरडलं, “साहेबा, बघ रे!” बारा वर्षांपूर्वी गेलेला साहेब बघायला नव्हता, पण ओरडायला त्याने काय फरक पडतो. आठवीला लोक रडू लागले. नवव्या फेरीला पुष्पावतीबाई रेघेपाशी आल्या आणि नवऱ्याचा चेहरा त्यांनी जवळून पाहिला. हा चेहरा त्यांनी एकदाच पाहिला होता, बोहल्यावर.

“अहो, थांबताच येत नाहीय!” त्या म्हणाल्या. कुणाला ते त्या बोलल्या नाहीत; सायकलला, असं शेजारच्या बायकांनी धरलं.

अकराव्या फेरीला नरसिंगरावांनी गवताची गंजी शोधली. ती नव्हती. समोर कनात होती. त्यांनी डोळे मिटले आणि हँडल तिकडे वळवलं.

चार बांबू उन्मळले. कॉफीचं पातेलं गेलं. लाकडी रिम मोडली. कनातीने नरसिंगरावांना आणि सायकलला एकत्र गुंडाळलं, दहा पावलं ओढत नेलं आणि हळूच खाली ठेवलं. लोक धावले. धावता धावता त्यांच्यात अकरा की बारा यावरून भांडण जुंपलं, ते बराच वेळ चाललं. विद्याधर पहिला पोचला. कापड बाजूला करून बघतो तर नरसिंगराव उताणे, आणि डोळ्यांशी कनातीची कड धरून बोटाने चाचपताहेत.

“अण्णा! लागलं का?”

“शिवण बघा,” नरसिंगराव म्हणाले. “आहे का कुठे उसवली?”

विद्याधरने इंजिनियरच्या नजरेने या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. “नाही. एक टाकाही नाही.”

“सरी, ठीक झालं,” नरसिंगराव म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांनी पुरता श्वास घेतला. मग जवळपास दुसरं कुणी नाही असं पाहून विचारलं, “त्या कागदात खाली काय राहिलं होतं?”

विद्याधरने खिशातून पत्र काढून हळू आवाजात वाचलं. ‘त्या सकाळी शर्यतीच्या आधी माझी जी चड्डी शिवणीवर उसवली, ती दुरुस्तीसाठी त्याच्याकडेच आहे. शिवून झाली असल्यास पाठवावी. घाई नाही.’

त्याने वर पाहिलं. मग मोडक्या रिमकडे, पायाच्या पट्ट्यांकडे, आणि जिथे ब्रेक असायला हवा होता तिथे पाहिलं. हे त्याने सगळं एकेक करून, क्रमाने पाहिलं. इंजिनियर होता.

“अण्णा, म्हणजे त्या तीन फेऱ्या...”

“हां.”

“आणि आज...”

“आजही तेच की हो. सांगत होतो तुम्हाला, ब्रेक लावा म्हणून.”

विद्याधरने पत्राची घडी करून खिशात टाकली. मागून गुंडूराव हार घेऊन येत होते.

“पिल्बीमला काय लिहू?” त्याने कुजबुजत विचारलं.

नरसिंगराव कनातीतून उठून बसले. गळ्यातली टेप सरळ केली.

“लिहा,” ते म्हणाले, “बुधवारी देतो.”