शिंप्याच्या पाठीतली चुळबुळी चकती

मी एक जुनी चकती आहे. मित्रांनो, खेळातली नव्हे. एका शिंप्याच्या कमरेत चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मधे बसलेली, बाहेरून चिवट आणि आतून मऊ. मणक्यांनी एकमेकांवर आदळू नये, एवढंच माझं काम. तो आडवा झाला की मी पाणी पिऊन टम्म फुगते, दिवसभराच्या भाराने चपटी होते. म्हणून सकाळी तो संध्याकाळपेक्षा चार बोटं उंच असतो. बरं, अर्धं बोट धरा.

तरुणपणी त्याने कापडाचे तागेच्या तागे उचलले. मी हूं की चूं केलं नाही. पुढे तो मशीनवर वाकून बसला तो बसलाच. चहाही तिथेच. लोक म्हणायचे, "काय हात आहे मास्तरांचा!" माझं नाव कुणी घेतलं नाही. मी इकडे सरकले, तिकडे सरकले, जीव नुसता कोंडला. एक दिवस पडलेली कात्री उचलायला त्याने कंबर पिळली आणि मी कडेने बाहेर डोकावले. तिथे एक नस होती. तिला टेकले मात्र, डाव्या पायात कळ गेली ती थेट अंगठ्यापर्यंत!

तेव्हापासून दोघांनाही चैन नाही. बसला की कळ, उठला की कळ. तो उजवीकडे कलून वावरू लागला आणि ते त्याच्या अंगवळणी पडलं.

तशात त्याच्या भाचीला वाद्यवृंदात जागा मिळाली. पहिला कार्यक्रम दोन महिन्यांवर. लांब काळा कोट मामाच शिवणार. खालची दुमड तो कायम नजरेनेच आखायचा.

"मामा, दुमड तिरकी आहे."

"तूच तिरकी उभी आहेस."

तिने कोट पुतळ्यावर चढवला. "आता?"

"पुतळाही तिरका आहे."

"वा! अख्खं दुकान तिरकं, आणि तू तेवढा सरळ?"

त्याला परत आलेल्या पाच पँटी आठवल्या. पाचही गिऱ्हाइकांना त्याने 'नीट उभे राहा' म्हणून दटावलं होतं. हातातला खडू खाली ठेवून तो पुटपुटला, "नजर गेली गं माझी. आता मी कसला शिंपी?"

"नजर नाही, पाठ गेलीय. चल."

मणक्यांवर हाताने उपचार करणाऱ्या कायरोप्रॅक्टर बाईंनी त्याच्या डॉक्टरांचे कागद वाचले, पायातली ताकद तपासली. मला वाटलं, आता कडाकड मोडणार! पण त्यांनी त्याला पालथं झोपवलं आणि टेबलाचा पायांकडचा भाग अगदी हळू खाली-वर केला. कितीतरी वर्षांनी मी हातपाय पसरले. आता मला हातपाय नाहीत, ते सोडा.

"चकती आत ढकललीत?" त्याने विचारलं.

"छे हो! तिच्यावरचा भार थोडा हलका करतेय. शांत व्हायचं तेव्हा ती होईल. तुम्ही मात्र दर अर्ध्या तासाने उठायचं."

"आणि काम?"

"ते काही पळून जात नाही."

आठवडे गेले. तो उठायचा, दुकानात फेऱ्या मारायचा. कुरकुरायचा, पण मारायचा. कळ आधी अंगठा सोडून पोटरीत आली, मग मांडीत, मग क्वचित. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्याने पुतळ्यावरच्या कोटाची दुमड उसवली, गुडघ्यावर बसला आणि पुन्हा नजरेनेच रेघ ओढली. भाचीने जमिनीपासून टेप लावून चहूबाजूंनी मोजलं.

"काय गं?" त्याने गुडघ्यावरूनच विचारलं.

"दुकान सरळ झालं, मामा."

मित्रांनो, तुमच्याही पाठीत माझ्या बहिणी मुकाट बसल्या आहेत. त्यांना डोकावायला लावू नका. अधूनमधून उठत जा. हा बघा, आनंदाच्या भरात पुन्हा मशीनवर वाकला. अर्धा तास झाला, तरी हलेना.

मी जराशी चुळबुळले.

"उठतो गं बाई," तो म्हणाला आणि उठला. भाचीला वाटलं, तो तिच्याशीच बोलला.