शेजारच्या खाटेवर

वर्ध्याच्या त्या दवाखान्यात भेटायची वेळ दुपारी सुरू होते. सिंदीची मंडळी दार उघडताच आत शिरली. धनंजयकाकांचं अपेंडिक्स काढलं होतं, म्हणजे अख्ख्या घराण्यानं यायलाच हवं: काकू, आत्या, चुलत बहीण स्वीटीताई, आणि दहावीतली दामिनी. काकांच्या खाटेवरची जागा संपली तशी बाकीची शेजारच्या खाटेवर बसली. तिच्यावर माणूस होता. पण त्याच्याजवळ कोणी नव्हतं, म्हणजे जागा मोकळीच, असं सगळ्यांनी धरलं.

"बाबाजी, पाय थोडे तिकडं घेता का?" सुंदराकाकूनं विचारलं आणि उत्तराआधी बसलीही.

केळझरचे महादेवराव. एक पाय प्लास्टरमध्ये, त्यांनी दुसरा जवळ ओढला. उद्या सकाळी त्यांचं ऑपरेशन. मुलगा गोपाल पुण्याकडे कारखान्यात. पाळीवर जाताना फोन जमा करावा लागतो, म्हणून त्याआधी तो एकदा बोलून घेतो. आज महादेवरावांना त्याला सांगायचं होतं, "आजच्या गाडीनं ये." एवढंच. पण आजवर पोराला त्यांनी कधी ये म्हटलं नव्हतं. सकाळपासून ते मनात हेच वाक्य घोळवत होते.

फोन वाजला तेव्हा स्वीटीताईच्या मोबाईलवर कोणाच्यातरी हळदीचा व्हिडिओ दणदणत होता. आत्या स्पीकरवर नागपूरशी बोलत होती. काकू त्यांच्याच चादरीवर आलुबोंड्यांचा डबा उघडत होती.

"हालो, गोपाल... आयक, उद्या माहं..." महादेवरावांनी दुसऱ्या कानात बोट घातलं. "उद्या म्हणतो मी..."

आत्या कशाला तरी खदखदून हसली.

"लय माणसं हायेत वाट्टे तुमच्याजवळ," गोपालचा आवाज दामिनीलाही ऐकू आला. "मंग काई काळजी नाई. ठेवतो बाबा, गेट बंद होते."

महादेवरावांनी कानातलं बोट काढलं.

"काय झालं, आजोबा?" दामिनीनं विचारलं. त्यांनी सांगितलं, तेही ओशाळून, जणू चूक त्यांचीच.

दामिनी वळली. "उठा सगळे."

"काऊन?" काकू म्हणाली.

"आपण काकाले भेटाले आलो, का यांच्या खाटेवर पार्टी करून राह्यलो? ताई, बंद कर ते."

"पाहा वो बाई," काकू आत्याकडं वळली. "कालवरी पाहुण्यापुढं तोंड उघडत नव्हती, आज भाषण देऊन राह्यली."

"हव, देतो. यांच्या पोराले यांचा आवाज नाई गेला. आपला गेला."

व्हिडिओ थांबला. आत्यानं फोन ठेवला. एकेक जण उठलं. दामिनीनं महादेवरावांच्या फोनवरून गोपालला फोन लावला. आता वॉर्डात इतकी शांतता होती की फोनमधल्या बाईचं ते ठरलेलं वाक्य प्रत्येकानं ऐकलं: फोन बंद आहे.

तिनं पुन्हा लावला. तेच.

एवढी शांतता आधी पाच मिनिटं दिली असती, तर कोणाचं काय गेलं असतं?

"राहू दे, माय," महादेवराव म्हणाले. "निदान पोराले वाटलं तं, बाप एकटा नाई. बसा न तुम्ही. उभे काऊन?"

कोणीच बसलं नाही.

"उद्या ऑपरेशनच्या दारावरी मी येतो तुमच्यासंग," दामिनी म्हणाली.

"शाळा बुडन तुही," काकू म्हणाली. आल्यापासून पहिल्यांदाच ती हळू बोलली होती.