पहिली बाई कोण?

सोलापुरातल्या प्रेस्बिटेरियन ख्रिस्ती मंडळीला पन्नास वर्षं होत आली आणि तिचा इतिहास लिहायचं काम मिशनच्या शाळेतल्या वच्छलाबाईंकडे आलं. त्यांनी मोठ्या हौसेनं जुन्या दप्तराची पेटी उघडली, तर सुरुवातीची सगळी वर्षं वाळवीनं फस्त केलेली! बाप्तिस्म्याच्या नोंदवहीचा नुसता पुठ्ठा उरला होता. वच्छलाबाईंना रडूच कोसळायचं बाकी राहिलं.

"कागद गेले, पण माणसं आहेत की," पाळकसाहेब म्हणाले आणि त्यांनी मंडळीतल्या सर्वांत जुन्या दोघींना बोलावून घेतलं. मोडनिंबच्या गोजरबाई आणि अक्कलकोटकडच्या रत्नम्मा.

"आजी, मंडळीतली पहिली बाई कोण?" वच्छलाबाईंनी टाक सरसावला.

"मी!" दोघी एकदमच म्हणाल्या. झालं, जुंपली.

"बाप्तिस्म्याचं पानी माज्या डोईवर आदी पडलं," गोजरबाई म्हणाल्या.

"अय्यय्यो! मी पुढं हुते. गोऱ्या पाद्रीसायबाची दाडी बगून तू माज्या मागं लपलीस की!" रत्नम्मांनी हात नाचवले.

"लपले न्हाय. तू पळाया बगत हुतीस, म्हनून पदर धरला तुजा."

वच्छलाबाई ओठ चावत लिहीत राहिल्या. पाळकसाहेब उगाचच खोकले.

"सायबाला मराटी नवी," रत्नम्मा सांगू लागल्या. "'गुडघे टेका' म्हनायचं, तर 'गुडघे टाका' म्हनाला. अन् ही इचारती, 'कुटं टाकू?'"

"मग तू लई हसलीस! तुजं बगून मी. सायब दचकला, अन् हातातलं भांडं..."

"समदं पानी दोगींच्या अंगावर!"

"लुगडी चिंब!"

गोजरबाईंनी रत्नम्मांच्या मांडीवर थाप मारली. दोघी एकमेकींवर रेलून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. आता वच्छलाबाईंनीही टाक खाली ठेवला आणि पोटभर हसून घेतलं.

मंडळीचे वडील, म्हणजे कारभार पाहणारे पंच, आबासाहेब मात्र मजकूर वाचून खवळले. "पवित्र विधीत हे खिदळणं? खोडून टाका!"

एरवी त्यांच्यापुढे वच्छलाबाईंच्या तोंडून शब्द फुटत नसे. आज त्या म्हणाल्या, "आबासाहेब, घडलं ते असं घडलं. दुसरं काय लिहू?"

मंडळीच्या पन्नाशीच्या सणाला प्रार्थनामंदिरात त्यांनी ते वाचलं. "कुटं टाकू"पाशी सगळं देऊळ चिडीचूप. इतक्यात पुढच्या बाकावरून फुर्रकन् आवाज आला. आबासाहेब! तोंडाशी उपरणं धरून ते गदगदा हलत होते. मग काय, बायका, बाप्ये, पोरं, सगळेच सुटले. पुढचं गीत काही केल्या सुरू होईना. पेटीवाला सूर धरी, आणि कुठूनतरी पुन्हा कुणीतरी फिस्सकन् हसे.