न पाहिलेलं रीळ

वेष्टणाचा एक कोपरा सैल होता. फार नाही, नख जाईल एवढाच. पण बाकीच्या तिन्ही कोपऱ्यांना तो पारदर्शक कागद कातडीसारखा घट्ट बसलेला, आणि इथं मात्र एक बारीक सुरकुती... त्यानं डबी खिडकीकडे धरली, तिरपी केली, चष्मा कपाळावर सरकवून अगदी डोळ्यांजवळ नेली. कारखान्यातूनच अशी आली असेल? की वाटेत कुणी उघडून, आतली तबकडी पाहून, पुन्हा चिकटवून ठेवली? ज्या चित्रपटाची वाट बघता बघता केस पांढरे झाले तो हातात आल्यावर आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण त्याच्या आनंदाला एक खोड होती – स्वतः यायच्या आधी तो संशयाला पुढं पाठवायचा, घर बघून यायला.

डबीवर मिठागराचं चित्र होतं. मिठाचे पांढरे ढीग, आणि त्यांच्यामधून पाठमोरी चालत गेलेली एक बाई. युद्धात हरवलेल्या मुलाला शोधायला ती मिठागरातलं काम सोडून निघते, गावामागून गाव पायी तुडवते... आणि पुढं काय होतं हे त्याला माहीत नव्हतं. तेच तर सगळं होतं.

जेवणाच्या टेबलावर बायको उत्तरपत्रिका तपासत बसली होती. ती शाळेत गणित शिकवायची आणि परीक्षांच्या दिवसांत घरातली सगळी सपाट जागा तिच्या गठ्ठ्यांखाली जायची. "आली का एकदाची?" तिनं मान वर न करता विचारलं. मग वर केली, डबीवरची बाई पाहिली, लाल पेनचं टोपण दातांत धरून म्हणाली, "यातच ना ती शेवटी मुलाला ओळखते, आणि तरी नाही म्हणते?"

आणि पुढचा पेपर ओढला.

तो "हं" म्हणाला. दुसरं काय म्हणणार? चहा घेतला, डबी कपाटात ठेवली, बूट घातले, चष्म्याच्या दुकानाच्या किल्ल्या घेतल्या. जिना अर्धा उतरल्यावर ते वाक्य त्याच्यापर्यंत पोचलं. ओळखते – आणि तरी – नाही म्हणते.

हिला कसं ठाऊक?

कारण तो शेवट कुणीच पाहिला नव्हता. निदान या गावात तरी नाही. कॉलेजच्या दिवसांत फिल्म क्लबनं तो चित्रपट एकदा आणला होता, एकाच संध्याकाळी. तो आणि ती शेजारी शेजारी बसले होते, लग्न अजून लांब होतं, तिच्या कोपराचा स्पर्श होईल न होईल अशा बेतानं त्यानं हात ठेवला होता. बाई चालत चालत एका घरापाशी येते, दार वाजवते, आत पावलं वाजतात... आणि पडद्यावर अचानक रंगीत गाई. शेवटच्या डब्यात भलतंच रीळ निघालं होतं – दुभत्या जनावरांची निगा कशी राखावी याची माहिती देणारं. सगळं सभागृह हसून हसून लोळलं. क्लबचा चिटणीस – सगळे त्याला लांब्या म्हणत, दारातून आत येताना तो सवयीनं वाकायचा – पडद्यासमोर येऊन हात जोडत म्हणाला, रीळ मागवतो, मंडळी, आलं की दाखवतो. ते आलं नाही. लांब्या म्हणाला, आलंच नाही.

त्या न आलेल्या रिळावर त्याचं सगळं आयुष्य... नाही, आयुष्य नको म्हणायला, छंद म्हणू. तिथून तो सुरू झाला. आधी कॅसेटी, मग तबकड्या, देशोदेशींचे जुने चित्रपट, भिंतभर. त्याच्यासारखेच आणखी काही वेडे भेटत गेले. या मंडळींचा निम्मा जन्म आशेत जातो. एखादी कंपनी कोड्यासारखं एक चित्र प्रसिद्ध करते – एक छत्री, एक फुटका कप – आणि मंडळी आठवडाभर डोकं खाजवतात की यंदा कुठला जुना चित्रपट नव्यानं निघणार. यंदा नक्की. यंदा शंभर टक्के. मिठागरवाल्या बाईबद्दल तर किती वावड्या: मूळ प्रत गोदामात जळाली, मग जळाली नव्हती, मग दिग्दर्शकाच्या पुतण्यांचं भांडण. त्यानं त्या चित्रपटाविषयी कधी काही वाचलं नाही. लेख दिसला की पान हातानं झाकायचा. गाईंची गोष्ट मात्र तो इतक्या बैठकांत, इतक्या रंगवून सांगायचा की मंडळींत त्याचं नावच 'शेवटचं रीळ' पडलं होतं. त्या बैठकांत बायको असायची, हसायची. गोष्ट चांगली आहे, म्हणून हसायची? की...

दुकान उघडून काचा पुसतोय तोवर पहिलं गिऱ्हाईक आलं. बसचा ड्रायव्हर, परवान्यासाठी डोळे तपासून दाखला हवा होता. खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला. ड्रायव्हरनं समोरचा अक्षरांचा तक्ता घडाघडा म्हणून दाखवला, अगदी खालच्या ओळीपर्यंत, मध्ये एकदाही न अडखळता.

"वा," तो म्हणाला. "आता तीच ओळ उलट्या बाजूनं वाचा."

ड्रायव्हर ओशाळून हसला. "साहेब, तुम्ही काचा पुसत होतात ना मघाशी... तक्त्यापाशीच उभा होतो."

"पाठ केलंत?"

"पाठ नाही... बघितलं म्हणून लक्षात राहिलं."

"जवळून बघितलंत. लांबून दिसत नाही, हा मुद्दा आहे."

"मग आता काय?"

"आता चष्मा. आणि मग दाखला." त्यानं भिंगं बदलायला घेतली. "हे बरं, की आधीचं बरं?... आता?... की आधीचंच?"

हात आपोआप चालत होते. डोकं तिकडेच. बघितल्याशिवाय लक्षात राहत नाही, बरोबर आहे. पण ऐकूनही राहतं. वाचूनही. शाळेच्या वाचनालयात कुठल्याशा मासिकात वाचलं असेल. किंवा नुसता अंदाज – ती हुशार आहे, सिनेमा अर्ध्यावर आला की खुनी कोण हे सांगून टाकणारी. पण अंदाज सांगताना माणूस 'बहुतेक' म्हणतो, आणि ती म्हणाली 'यातच ना'. एखाद्याच्या घराचा पत्ता आठवावा तसं. एखाद्या पोरानं नक्कल केली की ती पेपर त्याच्यासमोर धरून म्हणायची, बघ, उत्तर बरोबर आहे, पण रीत कुठंय? मधल्या पायऱ्या कुठंयत? – तसंच तुझं आज झालं बाई. उत्तर लिहून मोकळी झालीस.

मधल्या पायऱ्या मग तोच भरायला लागला. त्या खेळानंतर थोड्याच दिवसांत त्याला कावीळ झाली होती. अंथरुणाला खिळलेला, उसाचा रस, पिवळे डोळे, आईनं भेटायला येणाऱ्यांवर घातलेली बंदी... त्या काळात ती कुठं होती? काय करत होती? आणि लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी लांब्या एकदा घरी आला होता – तो दूरच्या शहरात गेला होता, नंतर कधी दिसला नाही – तेव्हा गप्पा त्या संध्याकाळवर आल्या, आपण नेहमीसारखी गाईंची गोष्ट हाणली, आणि लांब्या हसला नाही. आत्ता आठवतंय. लांब्या चहाच्या कपात बघत बसला आणि ती उठून आत गेली, साखर आणायला. साखर तर टेबलावर होती. होती का? की मी आत्ता ठेवतोय तिथं?

ड्रायव्हर गेल्यावर त्यानं कर्नलला फोन लावला. कर्नल कधी फौजेत नव्हता, नुसत्या मिशा तशा होत्या. पण मंडळींत चित्रपटांची माहिती त्याच्याइतकी कुणाला नव्हती आणि नव्या तबकडीवर त्याच्याइतका अविश्वासही कुणाचा नव्हता.

"मिळाली?" कर्नल ओरडला. "हुरळू नकोस. नवी स्वच्छ केलेली प्रत म्हणजे काय, काळ्याचा राखाडी करून ठेवलाय म्हणे. आणि शेवटाला कात्री लागल्याची कुणकुण आहे."

"शेवट कुठं छापून आलाय का रे?"

"तू विचारतोस? तुझ्यासमोर आम्ही त्या बाईचं नाव काढायचं नाही असा कायदा आहे ना?"

"सांगू नकोस. फक्त छापून आलाय का, ते सांग."

"आलाय की. पण ज्यानं त्यानं आपापला. एक म्हणतो, ती पोराला ओळखतच नाही. दुसरा म्हणतो, तो पोरगाच नसतो. ऐकीव सगळं. डोळ्यांनी पाहिलेला माणूस कुठाय?" मग आवाज खाली आणून, "का रे? तुला कुणी भेटला की काय पाहिलेला?"

"नाही," तो म्हणाला. "सहज."

दुकानाचा आज अर्धा दिवस होता. घरी येताना तो नेहमीच्या रस्त्यानं आला नाही, लांबून आला. ज्या माणसाशेजारी आपण इतकी वर्षं झोपलो त्याच्याविषयी आपल्याला एक गोष्ट माहीत नाही – एकच. आणि त्या एकीनं बाकीच्या माहीत असलेल्या सगळ्या कशा सैल झाल्या. ती कॉफीत साखर घेत नाही. खरं? गडगडाटाला घाबरते. खरं? माझ्याशी लग्न करायचंच होतं तिला. कुणी सांगितलं – तिनंच ना?

"लावायचा ना?" दार उघडताच ती म्हणाली. पेपर आवरून ठेवले होते, पडदे ओढून घेतले होते. बाहेर टळटळीत दुपार, खोलीत सिनेमापुरता अंधार. ही तयारी त्याच्यासाठी होती? ती सोफ्याच्या तिच्या कोपऱ्यात पाय वर घेऊन बसली. त्यानं डबी फोडली, तबकडी घातली.

मिठागर. तीच बाई, तोच वारा. काळा काळाच होता, कर्नल उगाच बोंबलत होता. किती विसरलो होतो आपण – तिच्या टाचेच्या भेगांतलं मीठ, विहिरीवरच्या बायकांचं ते कुजबुजणं. पण बाई त्या घरापाशी आली, तिनं दार वाजवायला हात उचलला, आणि त्याच्या लक्षात आलं की आपण पडद्याकडे बघतच नाही. तो बायकोकडे बघत होता.

आत पावलं वाजली. पडद्यावरचा उजेड तिच्या चेहऱ्यावर हलला. दार उघडल्याचा आवाज. एक पुरुषी आवाज, परक्या भाषेत, काहीतरी विचारणारा. मग मोठी शांतता – आणि त्या शांततेत बायकोनं डोळे मिटले. त्या बाईनं उत्तर द्यायच्या आधी. शब्द एकच होता, छोटा. तो यायच्या आधीच हिचे डोळे मिटलेले होते, जसं इंजेक्शनची सुई टोचायच्या आधी माणूस मिटतो. मग वारा, मग संगीत, मग नावं. ज्या शेवटासाठी त्यानं जन्म घालवला तो त्याच्या उजव्या कानाशेजारून निघून गेला.

"पाहिलास?" तिनं विचारलं.

"तू पाहिला होतास."

ती लपवायला काही शोधतेय असं वाटलं नाही.

"हो," ती म्हणाली. "तुला कावीळ झाली होती तेव्हा. रिळाचा डबा एका सकाळी आला, त्याच दिवशी परत पाठवायचा होता. लांब्यानं निरोप धाडला."

"दोघंच होतात?"

"दोघंच. तो वर यंत्रापाशी, मी खाली." मग पाय खाली घेत, "ती बाई नाही म्हणाली ना, तेव्हा मी रडले. खूप. दिवे लागायची वाट बघत बसले होते, तर तो लावेचना. वरच बसून राहिला. मी रुमाल शोधेपर्यंत... मी बाहेर पडेपर्यंत."

"आणि मला सांगितलं, रीळ आलंच नाही."

"ते त्यानं सांगितलं. मी नुसतं खोडलं नाही. तू बरा झालास की सांगू, म्हटलं. पण तू बरा झालास ते गाईंची गोष्ट घेऊनच. सगळे हसायचे, तू इतका खूश असायचास..." तिनं खांदे उडवले. "मग माझ्याच्यानं मोडवेना रे. आज सकाळी कसं तोंडून गेलं कुणास ठाऊक. पेपरच्या नादात."

आता पायऱ्या होत्या. एकामागून एक, स्वच्छ अक्षरात. शिक्षकानं पूर्ण गुण द्यावेत अशा. तो त्या पुन्हा पुन्हा तपासत होता. दिवे का लावले नाहीत त्यानं? कुणाचं रडू झाकायला – हिचं? स्वतःचं? आणि हिला ते आज, एवढ्या वर्षांनी, इतकं बारीक कसं आठवतं? लपवायचं असतं तर तिनं 'दोघंच' असं म्हटलंच नसतं, हे खरं. पण लपवायच्या माणसालाच तर अशी दूर वर, यंत्रापाशी जागा द्यावी लागते...

"मागं नेऊ?" रिमोट तिच्या हातात होता. "शेवट परत बघ. तुझं लक्ष नव्हतं."

तिच्या लक्षात आलं होतं तर.

"थांब जरा," तो म्हणाला. संशय गेला नव्हता. बसल्या जागी नुसता कूस बदलत होता. त्याला ते सभागृह दिसत होतं, ओळीनं रिकाम्या खुर्च्या, आणि एका खुर्चीत एक मुलगी – त्यानं कधीच न पाहिलेली, कुणाची होणारी बायको नसलेली, अंधारात मोठमोठ्यानं रडणारी. तिची कुणीतरी आपल्याशी ओळख करून द्यावी असं त्याला वाटलं, आणि असं वाटल्याचं आश्चर्यही.

"तू रडलीस का?" त्यानं विचारलं. "म्हणजे... कशासाठी?"

"तेव्हा कळलं नव्हतं."

"आणि आता?"

तिनं रिमोट मांडीवर ठेवला. ती पडद्याकडे बघत होती, पण तिथं आता काहीच नव्हतं, नुसता उजेड. तो वाट बघू लागला. दुपारभर त्याला भीती होती, बायको काहीतरी सांगेल याची. आता ती भीती गेली होती, आणि तिच्या जागी दुसरीच येऊन बसली होती, पहिलीपेक्षा कितीतरी मोठी – ती आपल्याकडे वळेल, रोजच्यासारखी हसेल, आणि म्हणेल, काही नाही रे.