सेइलखान अतांचं आठवणीचं पाणी

रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या शिमकेंत शहरातल्या एका लग्नाच्या हॉलात दोनशे अकाउंटंट बसले होते, आणि लग्न कुणाचंच नव्हतं. टेबलांवर तळलेले गोल बाउरसाक होते, चहा होता आणि प्रत्येकाच्या मांडीवर तोच बाराशे पानांचा ठोकळा होता: हिशेबाची आंतरराष्ट्रीय मानकं. एप्रिलच्या परीक्षेत त्यातलं काहीही विचारतात. शेवटच्या पानावर पोचेपर्यंत पहिलं विसरतं, आणि पहिलं पुन्हा वाचावं तर शेवटचं जातं. मी हे पुस्तक तीस वर्षं शिकवते आहे, तेव्हा मला माहीत आहे.

जिथे एरवी नवरानवरी बसतात तिथे सेइलखान अता, म्हणजे सगळ्यांचे आजोबा, बसले होते. अंगात चापानचा लांब पांढरा डगला, समोर पाण्याच्या शंभर बाटल्या. अता सगळ्या बाटल्यांवर मिळून एकच फुंकर मारत. एकेकीवर मारायची तर दम लागला असता.

"लेकरांनो, तुमचं डोकं रिकामं नाहीये, गळकं आहे!" अता गरजले. "वाचता तुम्ही ढीगभर. पण लोकांची नजर लागते आणि डोक्याला भोक पडतं. माझं पाणी ते भोक बुजवतं. ही बिबीगुल बघा. आठवीत शाळा सोडली. चाळीस दिवस पाणी प्यायली आणि पुस्तक नुसतं हातात धरलं. वाचलं नाही हं, धरलं!"

बिबीगुल पन्नाशीची, गोल चेहऱ्याची बाई. ती लाजून हसली.

"कुणीतरी या पुढे. आपलं पुस्तक घेऊन या, म्हणजे लबाडी नको!"

माझा बँकेत काम करणारा विद्यार्थी दाउलेत पुढे धावला.

"तीन आकडी संख्या मनात धर," अता म्हणाले. "पहिला आकडा आणि शेवटचा आकडा दोनापेक्षा जास्त लांब असू देत. धरलीस? आता ती उलटी लिही. आकडा उलटला की नजर उलटते! मोठ्यातून लहान वजा कर, गर्व गेला. जे उरलं ते पुन्हा उलट आणि त्यात मिळव, श्रद्धा वाढली. आलं ते तुझं पान. उघड. पण बोलायचं नाही! पानाचा नंबर तोंडातून गेला की पाणी आंबलं. आईलासुद्धा सांगायचा नाही."

दाउलेतने कॅल्क्युलेटर बडवला आणि पान उघडलं. बिबीगुलने डोळे मिटले आणि भाडेपट्ट्याच्या नोंदींबद्दलचं अख्खं पान त्याच्या कानात धडाधड म्हणून दाखवलं. स्वल्पविरामसुद्धा सुटला नाही. दाउलेत ओळीवर बोट ठेवून बघत राहिला, आणि त्याचा जबडा हळूहळू खाली आला. हॉल दणाणला. अतांनी त्याला पानात ठेवायला अदिरास्पान या नजर उतरवायच्या झुडपाची वाळकी काडी दिली.

"बघितलंत ना, आपाय?" माझ्या शेजारची मेरुएर्त कुजबुजली. "मागच्या रविवारी मी गेले होते पुढे. तेव्हासुद्धा अगदी असंच झालं."

आम्हा शिक्षिकांना इथे आपायच म्हणतात. मला इथे ओढून आणणारी हीच. माझ्याच वर्गातली, पिठाच्या गिरणीत कारकून, वय एकोणचाळीस, आणि परीक्षेची ही तिसरी आणि शेवटची खेप. या वेळी नापास झाली तर आधी पास झालेले पेपरही बाद, सगळं पहिल्यापासून. जूनमध्ये गिरणीतला मुख्य अकाउंटंट निवृत्त होणार होता आणि ती खुर्ची हिला देऊ म्हणाले होते, पण पास झाली तरच.

"अभ्यास कुठवर आलाय?" मी विचारलं.

"बंद आहे, आपाय."

"बंद म्हणजे?"

"पाणी चालू असताना वाचलं तर ते गढूळ होतं. अता म्हणाले. मी वह्या माळ्यावर टाकल्या."

परीक्षेला चार आठवडे उरलेले. वर या बाईने चाळीस दिवसांच्या पाण्यासाठी आईची चांदीची बांगडी काढून दिली होती. मला इतका राग आला की हातातला बाउरसाक तसाच बशीत परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी एक उदाहरण दाखवायला दाउलेतचं पुस्तक उचललं. काडी होती तिथेच ते उघडलं: पान एक हजार एकोणनव्वद. तेवढ्यापुरतं काही वाटलं नाही. मग वर्गात पुस्तक नुसतं धरून बसलेल्या मेरुएर्तचं मागितलं, आणि तिचीही काडी त्याच पानात.

"तुमच्या दोघांचं पान एकच कसं काय?"

दोघांनी एकदम कानांवर हात ठेवले. "आपाय, नंबर बोलू नका!"

बरं, नाही बोलत. मधल्या सुट्टीत मी जुन्या पेपरच्या पाठीवर अतांचं गणित मांडलं. सातशे एकतीस. उलटा करून वजाबाकी केली, पुन्हा उलटा करून बेरीज केली. एक हजार एकोणनव्वद. आठशे बावन्न घेतला, तेच. सहाशे तीन घेतला, तेच! मग मी एकटीच मोठ्याने हसले. शिपाई आत डोकावून गेला.

हसू यायचं कारण वेगळंच होतं. ताळा जमला नाही की आमचा अकाउंटंट पहिल्यांदा काय करतो? आलेल्या फरकाला नऊने भागून बघतो. नि:शेष भाग गेला तर लिहिताना दोन आकड्यांची अदलाबदल झाली असणार. कचेरीत आठवड्यातून चारदा करायचं काम. अता भर सभेत आकडे उलटे करायला लावून फरक काढायला सांगत होते, आणि दोनशे अकाउंटंटांपैकी एकालाही नऊ आठवला नाही.

पुढच्या रविवारी मी पहिल्या रांगेत बसले आणि हात वर केला.

"अता, आज मला बोलवा."

अतांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "आपाय, तुमच्या मनात शंका आहे. पाणी बिथरेल."

"मग राहू दे तुमचं पाणी." मी उठून हॉलकडे वळले. "कॅल्क्युलेटर कुणाकुणाकडे आहे?"

अकाउंटंटांना हे विचारणंच चुकलं. दोनशे हात वर झाले.

"प्रत्येकाने आपापली संख्या धरा. शेजाऱ्याची बघू नका. अतांच्या पायऱ्या तुम्हाला पाठच आहेत. करा."

बटणांची टकटक झाली आणि थांबली. "आता पानाचा नंबर मोठ्याने सांगा."

कुणी तोंड उघडेना. अता गोड हसले. "समजूतदार आहेत लेकरं. आपलं नुकसान कोण करून घेईल?"

तेवढ्यात मेरुएर्त उभी राहिली. कॅल्क्युलेटरकडे बघत होती आणि तिचे कान लालबुंद झाले होते.

"अहो, पण मागच्या वेळी मी वेगळी संख्या धरली होती! तेव्हा पाचशे एकवीस आणि आज नऊशे बेचाळीस. आणि पान तेच? एक हजार एकोणनव्वद?"

"माझंही!" दाउलेत ओरडला.

"माझंही!" मागून कुणीतरी. मग सगळा हॉल एकच आकडा ओरडू लागला.

मी हॉलातल्या जेवणाच्या यादीच्या फळ्यावर मांडून दाखवलं. संख्या उलटी करून वजा केली की मधे नऊ उरतो आणि दोन्ही टोकांची बेरीजही नऊच होते. मग तीच संख्या उलटी मिळवली की एक हजार एकोणनव्वदशिवाय दुसरं काही येऊच शकत नाही. अर्ध्या हॉलने कपाळावर हात मारला.

"बिबीगुलबाई," मी म्हटलं, "आता पुढचं पान म्हणा. एक हजार नव्वद."

बिबीगुल अतांकडे बघून मग माझ्याकडे वळली. "आपाय, मला एकच येतं. तेच दोन महिने घोकलंय."

"कसं घोकलंत?"

"थोडं वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि म्हणायचं. चुकलं की उघडून बघायचं. मग दुसऱ्या दिवशी, मग दोन दिवस सोडून, मग आठवड्याने. हे समोर बसून ऐकायचे." तिने अतांकडे बोट केलं.

"आणि पाणी?"

"पाणी कुठलं हो! घसा कोरडा पडला की चहा."

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात अता स्वयंपाकघराच्या दाराकडे सरकले होते. पण तिथे मेरुएर्त आधीच कंबरेवर हात ठेवून उभी होती, आणि बांगडी मिळेपर्यंत ती हलली नाही.

घरी जाऊन तिने माळ्यावरच्या वह्या उतरवल्या. उरलेल्या तीन आठवड्यांत रोज चहाला ती सासूसमोर पुस्तक मिटून बसायची आणि घसाऱ्यापासून भाडेपट्ट्यापर्यंत सगळं सांगायची. सासूबाईंना हिशेबातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण दहाव्या दिवशी त्यांनी चहाचा पेला खाली ठेवून म्हटलं, "सूनबाई, मंगळवारी तू हे उलटं सांगितलं होतंस." मेरुएर्तने पुस्तक उघडून पाहिलं. सासूबाईंचं बरोबर होतं.

जूनमध्ये निकालाचा फोन आला. पन्नास हवे होते, सत्तावन्न मिळाले. फोनवर ती रडत होती आणि मागे सासूबाई ओरडत होत्या, "आपायना सांग, त्यातले निम्मे माझे!"

मी एवढंच सांगते. कचेरीत तुम्ही साहेबाची बेरीजसुद्धा दोनदा तपासता, मग पांढऱ्या चापानातल्या माणसाची एकदा तरी तपासा. जो म्हणतो "एकमेकांना सांगू नका", त्याचं ते गुपित सगळ्यांनी मिळून मोठ्याने बोला. तो त्यालाच घाबरतो. आणि परीक्षा जवळ आली असेल तर पुस्तक मिटा, समोर जो कोणी बसला असेल त्याला सांगायला लागा, आणि चुकलात की उघडून बघा.