पितरांच्या दिवसांतली गाडी

"मॅडम, एक बोलू का? बुकिंग आज करा, पन गाडी घटस्थापनेले न्या. पितरायच्या दिवसांत नवी गाडी कोनी नेत नाई जी."

श्रावण नावाचा तो विक्रेता असं म्हणाला आणि माझ्या शेजारची खुर्ची कुरकुरली. माझ्या नवऱ्याला, निकेशला, एखादी गोष्ट पटली आणि ती बोलायची नसली की तो खुर्चीत सरकतो. सासूबाई नातीला घेऊन मागच्या सोफ्यावर बसल्या होत्या; नागपूर रोडवरच्या त्या शोरूममध्ये आमच्याशिवाय एकही गिऱ्हाईक नव्हतं. झाडूवाली बाई पुसलेलीच फरशी परत पुसत होती. अशी शांतता असणार म्हणूनच तर मी हा आठवडा निवडला होता.

"घटस्थापनेला या महिन्याची सूट राहील?" मी विचारलं. शोरूममध्ये मी मुद्दाम पुस्तकी बोलत होते.

"ते कंपनी ठरवते."

"म्हणजे नाही राहणार."

तो हसला आणि पाणी प्यायला.

मोहर्लीच्या अलीकडे आमचं गाव. मी भद्रावतीला एका मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे आणि दिव्यानी, माझी मुलगी, तिथेच पहिलीत आहे. सकाळी दोघी स्कूटीवर जातो, संध्याकाळी परत येतो, आणि मधला सगळा रस्ता जंगलाचा. आमच्याकडे या रस्त्यावर वाघाचं नाव घेत नाहीत, 'जनावर' म्हणतात. निकेश सफारीची जिप्सी चालवतो, तो मात्र पर्यटकांसमोर त्याच जनावराला लाडाच्या नावानं हाक मारतो. पोटासाठी चालतं, म्हणतो.

रानात जाणाऱ्या काही बायका डोक्याच्या मागच्या बाजूला मुखवटा बांधतात. जनावर पाठीवर येतं. डोळे आपल्याकडे बघताना दिसले तर थबकतं, असं म्हणतात. तसला एक मुखवटा मी स्कूटीवर दिव्यानीला बांधते. तिनं त्याला पेनानं मिशा काढल्या आहेत.

पोळ्याच्या आसपास एका संध्याकाळी आम्ही परत येत होतो आणि जनावर रस्त्यावर बसलेलं होतं. मागे नाही, पुढे. रस्त्याच्या मधोमध, पंजा चाटत. मी स्कूटी थांबवली. कडेला चिखल होता, वळवायला गेले असते तर दोघी आडव्या झालो असतो. हॉर्न वाजवायची हिंमत झाली नाही. तेव्हा माझ्या पाठीला चिकटलेली दिव्यानी हळूच म्हणाली, "आई, मुखवटा पुढं करू का?"

ते उठून गेलं, आपल्या वेळेनं. घरी आल्यावर मी भाजी चिरली, भाकरी टाकल्या, आणि मग मोरीत जाऊन बसले. त्या रात्री मी निकेशला सांगितलं की आपण गाडी घ्यायची. लहान घेऊ, पण चार दारांची, काचा बंद होणारी.

"दसऱ्याले घेऊ," तो म्हणाला. त्याचंही चूक नव्हतं. पावसाळाभर सफारीचं मुख्य गेट बंद असतं, हातात काही येत नाही. पण दसऱ्याला सगळा जिल्हा गाडी घेतो, तेव्हा शोरूमवाले कशाला सूट देतील? आणि हप्ता माझ्या पगारातून जाणार होता. साठ हजारांची सूट मिळाली तर तो हप्ता मला झेपणार होता, नाही मिळाली तर स्कूटी आणि मुखवटा होताच.

श्रावणनं कंपनीची सूट दाखवली. मी शोरूमची स्वतःची विचारली. ती सरकारी नोकरांसाठी आहे म्हणाला. मी म्हटलं, सरकारी नोकर आज आलेला दिसत नाही. तो उठून काचेच्या केबिनमध्ये म्यानेजरकडे गेला आणि परत येऊन म्हणाला की सीटकव्हर, म्युझिक आणि मागचा कॅमेरा फुकट देतो. मी म्हटलं ते काही नको, त्याचे पैसे किमतीतून कमी करा. तो पुन्हा केबिनमध्ये गेला. निकेश माझ्या कानाशी म्हणाला, "त्याच्या टाचा झिजून राह्यल्या, आता मान जा." मी मान हलवली नाही. चाळीस हजारांवर सूट अडली ती अडलीच.

मी दिव्यानीला लघवीला नेण्याचं निमित्त काढून मागच्या अंगणात गेले. तिथे आम्हाला हवी होती तीच गाडी उभी होती, करड्या रंगाची. चाकांवरची धूळ पावसानं भिजून पुन्हा वाळलेली होती. बाजूच्या आरशाच्या खाली कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं, आणि त्याला भोकंही पडलेली. म्हणजे आतली पिल्लं मोठी होऊन उडूनसुद्धा गेली होती. दाराच्या आतल्या पट्टीवर गाडी बनल्याचा महिना असतो, तो मी वाचला. माझं कामच तारखा बघण्याचं. मुदत जवळ आलेल्या औषधावर आमचे मालक कंपनीकडून कशी सूट काढतात, ते मी रोज बघते.

आत येऊन मी श्रावणला म्हटलं, "ती करडी गाडी कोणी सोडून दिली?"

तो दचकला. मग खरं बोलला, त्याबद्दल मला तो बरा वाटला. राजुऱ्याच्या एका गिऱ्हाईकानं उन्हाळ्यात बुक केली आणि नेलीच नाही. लोकांना पांढरी पाहिजे, करडी कोणी विचारत नाही. या वेळी तो केबिनमध्ये जास्त वेळ राहिला. काचेतून म्यानेजरची मान आधी आडवी हललेली दिसली, मग थांबली.

"साठ देतो म्हनते साहेब," श्रावण बाहेर येऊन म्हणाला. "पन एक अट हाय. बिल या महिन्यात झालं पाह्यजे आन् कागद होऊन परवा गाडी अंगनातून हालली पाह्यजे. महिना पलटला का सूट गेली. घटस्थापनेपर्यंत नाई थांबत."

आता निकेशला बोलावंच लागलं. "परवा बाबाची तिथी हाय," तो म्हणाला.

हे मला माहीत होतं. तारखा मी घरीच जुळवून पाहिल्या होत्या आणि त्याबद्दल कुणाशी बोलले नव्हते.

माझे सासरे मुखरू मेश्राम, मी लग्न होऊन येण्याआधीच गेले. मोहर्लीच्या रस्त्यावर, नाल्याच्या अलीकडच्या वळणावर. सायकलवरून घरी येत होते, जनावर मागून आलं. आमच्या भागात जंगलात ज्या जागी माणूस गेला, तिथे येणारा-जाणारा एक हिरवी डहाळी टाकतो. सासूबाईंना मी 'बाई' म्हणते. बाईंना स्कूटीवर घेऊन मी त्या वळणावरून पुष्कळदा गेले, पण एकदाही थांबले नाही. त्या घरूनच डहाळी तोडून हातात धरून बसायच्या. वळण आलं की मी वेग वाढवायचे. त्यांचा हात सुटायचा तोवर आम्ही नाल्यापाशी, डहाळी कुठेतरी पुढेच पडायची. पुढच्या खेपेला बाई पुन्हा नवी तोडायच्या.

त्या बाई आत्ता शोरूमच्या सोफ्यावर दिव्यानीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. चपला त्यांनी दाराशीच काढल्या होत्या. आमचं घर कुठे लवतं ते श्रावणनं बरोबर ओळखलं. धंद्यातला माणूस, साठ वाचतात का बघत होता. तो त्यांच्यासमोर वाकला.

"बाई, तुमीच सांगा. मोठ्या मानसाच्या तिथीले घरात नवी वस्तू आनता का? मी तर म्हनतो थोडं थांबा. सूट काय, थोडीबहुत तवाही भेटन."

बाई नको म्हणाल्या असत्या तर निकेश त्यांच्याबाहेर गेला नसता, आणि मीही गेले नसते. "बाई," मी म्हटलं, आणि माझी पुस्तकी भाषा तिथेच सुटली, "मले दसऱ्यापर्यंत रोज त्याच रस्त्यानं जा लागते. पोरीले घेऊन."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. दिव्यानीच्या वेणीची रिबीन त्या नीट करत होत्या.

"ते सायकलवर होते," त्या श्रावणला म्हणाल्या. "काच असती तं घरी आले असते. त्याईच्या दिवशी त्याईच्या नातीले काच आनून राह्यलो, तं त्याईले काऊन राग यीन?"

श्रावण सरळ उभा राहिला. निकेश खाली फरशीकडे बघत होता.

"आन् पायपुसनं फुकट द्या," बाई म्हणाल्या. "पोरगी चिखलाचे पाय घेऊन येते."

श्रावणनं हिशेब छापून आणला तेव्हा त्यात सगळ्यात खाली 'हँडलिंग'चे पाच हजार लावलेले होते. मी विचारलं, हे कशाचे? गाडी गोदामातून आणायचे, म्हणाला. गाडी मागच्या अंगणात उभी आहे आणि तिच्यावर माशीनं घर बांधून संसार उरकला, मी म्हटलं. तिला तुम्ही कुठून आणलं? त्यानं केबिनकडे पाहिलं, मग स्वतःच पेन काढून ती ओळ खोडली. सही करताना माझं अक्षर नेहमीसारखंच आलं. बाहेर पायरीवर आल्यावर मात्र मी निकेशच्या दंडाला धरलं. "साहेबाले रडवलं तू," तो म्हणाला, आणि त्याला ते आवडलं होतं.

तिथीच्या दिवशी बाईंनी पहाटे उठून वडे-खीर केली, कौलावर घास ठेवला, आणि दुपारी आम्ही सगळे गाडी आणायला गेलो. श्रावण रिबीन, हार, नारळ घेऊन उभा होता. आज नारळ फोडायचा नाही, बाई म्हणाल्या. त्यानं ते सगळं टेबलावर ठेवलं. गाडी धुतलेली होती. आरशाखालचं घर खरवडून काढलेलं, तरी मातीचा एक डाग राहिला होता.

पायऱ्या उतरताना बाई मागे राहिल्या. मी वळून पाहिलं तर त्या दाराजवळच्या कुंडीतल्या शोभेच्या झाडाची एक डहाळी मोडत होत्या. श्रावणही पाहत होता. त्यानं कुंडी जराशी त्यांच्याकडे वळवून दिली.

चालवायला मी बसले. पावसाळ्यात गेट बंद असताना निकेशनं मला जिप्सीवर शिकवलं होतं. आता तो शेजारी बसून पायानं नसलेला ब्रेक दाबत होता. मागे बाई आणि दिव्यानी. दिव्यानीनं सवयीनं मुखवटा आणला होता, तो तिनं मागच्या काचेशी टेकवून ठेवला, मिशा बाहेरच्या बाजूला. जंगल लागलं तशा मी काचा सगळ्या वर आहेत ना ते पाहिलं. मग परत पाहिलं.

वळण जवळ आलं. माझा पाय आपोआप अ‍ॅक्सिलरेटर दाबायला निघाला.

"थांबते का वो?" मागून बाई म्हणाल्या. आदेश नव्हता, पण विनंतीही नव्हती.

मी गाडी कडेला घेतली. "माय, उतरू नको," निकेश म्हणाला. "नाई उतरत," त्या म्हणाल्या. काच कशी उतरवायची ते त्यांना कळेना, तेव्हा दिव्यानीनं बटण दाबून दिलं. बाहेरचा ओल्या गवताचा वास आत आला. रस्त्याच्या कडेला वाळक्या डहाळ्यांचा छोटासा ढीग होता; काही नव्या, बऱ्याचशा काळ्या पडलेल्या. बाईंनी हात लांब करून आपली डहाळी टाकली नाही, ढिगावर अलगद सोडली. मग तो हात तसाच खिडकीवर ठेवून बसून राहिल्या.

गवत माझ्या कमरेइतकं वाढलेलं होतं. दोन्ही बाजूंनी. मी डावीकडे पाहत होते, उजवीकडे पाहत होते, आरशात पाहत होते. दिव्यानीचा हात बटणावरच होता आणि काच वर करू का म्हणून तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवून नाही म्हटलं. हात किल्लीवर ठेवला आणि इंजिन बंद केलं.