काळ्या दगडाचा खरा रंग

"काळा दगड असला की कॅमेऱ्याचं ऐकू नकोस, पोरी," स्वतःच्या निवृत्तीच्या दिवशी संग्रहालयाचे जुने फोटोग्राफर भिंगकाकांनी तिला बजावलं होतं. "तो भित्रा असतो. काळं दिसलं, की अंधार पडला समजून उजेड वाढवून ठेवतो."

तिनं मान डोलावली आणि या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं. एवढा महागाचा कॅमेरा, त्याला इतकंही कळणार नाही?

संग्रहालयाच्या तळघरात ती उल्कापाषाणांचे फोटो काढायची. सोबतीला बाबागाडीतली आठ महिन्यांची लेक. पाळणाघरात दोनच दिवस ठेवली होती, तिसऱ्या दिवशी हिचाच जीव राहिना. लेक झोपली की दर दहा मिनिटांनी हिचं बोट तिच्या नाकाशी. नवरा नोकरीसाठी परगावी. दुपारी त्याचा फोन यायचा. "कशी आहेस?" "मजेत." मोठ्या माणसाशी दिवसभरात बोलणं ते तेवढंच. या शनिवारी ही नोकरी सोडून ती त्याच्याकडे जाणार होती. शेवटचा एक दगड उरला होता.

मुठीएवढा तो दगड चार वाजता तपासणीसाठी कापायला जायचा होता. आकाशातून येताना वितळून काळी पडलेली त्याची साल यापुढे कुणाला अखंड दिसणार नव्हती. राहणार होते फक्त हिचे फोटो. अडीचला तिनं ते पडद्यावर उघडले. दगड राखाडी. वाळलेल्या सिमेंटचं ढेकूळ जसं. सालीवरच्या रेघा पार गायब.

तिनं भिंगकाकांना फोन लावला. पहिल्या घंटीलाच उचलला गेला. "काका, काळा दगड राखाडी आलाय."

"ऐकलं नाहीस ना माझं?"

"नाही ऐकलं, काका."

"बरं केलंस. ऐकलं असतंस, तर फोन कशाला केला असतास?"

मग ते कामाला लागले. "ऑटो सगळं बंद कर. आयएसओ शंभर. भिंगाचं छिद्र अकरावर. दगड उचलून तिथं करडं कार्ड ठेव. ते ना काळं ना पांढरं, तिथं कॅमेरा फसत नाही. त्याच्यावर उजेड मोज, शटर ठरव. मग कार्ड काढायचं, दगड ठेवायचा आणि आकड्यांना हात लावायचा नाही."

"शटर पाव सेकंद येतंय. फोटो हलणार नाही का?"

"टायमर लाव. तू हलू नकोस म्हणजे झालं. आणि दिवा एका बाजूनं, अगदी खाली. तोंडावर उजेड मारलास, तर रेघा लपतात."

बटण दाबून तिनं श्वास धरला. फोटो आला, तो तिनं लगेच काकांना पाठवला.

"बघितलात?"



"तू सांग की. कसा दिसतोय?"

"अहो, पाठवलाय ना."

"सांग म्हणतो ना."

"काळाकुळकुळीत. करपलेल्या पातेल्याच्या बुडासारखा."

"रेघा?"

"मेणबत्तीचं मेण ओघळावं तशा. वरून खाली."

"मग जमलं," ते म्हणाले, पण आवाज दबला होता.

"काका, तुम्ही फोटो उघडलाच नाहीत."

"उघडून काय करू? हिवाळ्यापासून माझंच छिद्र मिटत चाललंय. आता खिडकी कुठं आहे तेवढं कळतं."

"कुणाला सांगितलंत?"

"तुला. आत्ता."

"घरात कोण आहे?"

"मी आहे की."

"आणि जेवणखाण?"

"मजेत चाललंय."

तो शब्द तिच्या चांगल्या ओळखीचा होता. रोज दुपारी ती तोच वापरायची. लेक चुळबुळली. तिला कडेवर घेऊन ती म्हणाली, "संध्याकाळी आम्ही दोघी येतोय. नको म्हणू नका."

"ये. पण शनिवारनंतर?"



चारला कापणारा आला. "झालं का, ताई?" झालं होतं. दगड गेल्यावर ती नोंदवही भरायला बसली. आकडे लिहिले. शेऱ्याच्या रकान्यात दोनच ओळींची जागा होती, तिचं अक्षर समासात घुसलं:

'काळ्या दगडासाठी कॅमेऱ्याचं ऐकू नये. वरचे आकडे ज्यांनी सांगितले, ते भिंगकाका मागच्या रस्त्याला दवाखान्याच्या वर, दुसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. त्यांना दिसेनासं झालंय. ही नोंद तुम्ही वाचताय, म्हणजे तुम्ही इथून जवळच आहात. फोनवर विचारू नका, मजेत म्हणतील. जिना चढून जा. दार उघडायला वेळ लागेल, थांबा. आणि आत गेल्यावर आधी गॅस बंद आहे ना, तेवढं बघा.'